इंजिनिअरिंगच्या वाटेवरून भौतिकशास्त्राकडे

आपल्या वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला लागली की आनंद एका घरापुरता राहत नाही. सारी आळी पेढे खाते. वडील रिक्षा चालवत असतील किंवा पालिकेच्या सफाई खात्यात असतील, आई चार घरची धुणीभांडी करत असेल. त्या घराने फीसाठी, पुस्तकांसाठी, वसतिगृहासाठी पोटाला चिमटा काढलेला असतो. सर्वांची नजर एकाच गोष्टीकडे असते : चार वर्षे संपली की नोकरी, आणि नोकरी लागली की धाकट्या भावंडांचे शिक्षण.

अशा घरात तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाची मुलगी एक दिवस म्हणते, “मला पुढे फिजिक्स करायचे आहे. इंजिनिअर म्हणून नोकरी करायची नाही.” घरात शांतता पसरते. हे काय नवे खूळ, असे वडिलांना वाटते. पोरीला कुणी भरीला घातले, असे आईला वाटते. शेजारी म्हणतात, इंजिनिअरिंग जमले नसेल.

आमच्या मते या प्रश्नाला दोन उत्तरे सारखीच चुकीची आहेत. पहिले उत्तर म्हणजे घाबरून दिलेला सरळ नकार. दुसरे म्हणजे, “तुला आवडेल ते कर” असे सांगून हिशेब न करता दिलेला होकार. इंजिनिअरिंगवरून भौतिकशास्त्राकडे जाता येते. जगातले मोठे मोठे शास्त्रज्ञ त्याच वाटेने गेले आहेत. पण ते कसे गेले, कोणत्या पायऱ्या चढून गेले आणि खर्च कुणी उचलला, हे बारकाईने पाहिले पाहिजे.

दोन विद्यांत फरक काय?

इंजिनिअर वस्तू घडवतो. मोटार चालली पाहिजे, पूल टिकला पाहिजे, वीज कमीत कमी गळतीने घरोघर पोचली पाहिजे, ही त्याची काळजी. भौतिकशास्त्रज्ञ विचारतो, हे असे का घडते? तारेतून वीज वाहते म्हणजे नेमके काय होते? तांब्यातून ती सहज जाते आणि काचेतून का जात नाही? दोघांचे गणित बरेचसे एकच असते, प्रश्न वेगळे असतात. म्हणून काही मुलांना इंजिनिअरिंग शिकता शिकताच कळते की आपला जीव त्या ‘का’मध्ये अडकला आहे. याला खूळ म्हणू नये, आणि त्यात अपयशही नाही.

नोकरी मिळाली नाही, म्हणून गणित शिकला

पॉल डिरॅक १९०२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जन्मला. वडील शाळेत फ्रेंच शिकवत. थोरल्या भावाला डॉक्टर व्हायचे होते, पण वडिलांच्या आग्रहाने तो इंजिनिअरिंगला गेला. त्याच्या मागोमाग पॉलही गेला. १९२१ साली पॉल विद्युत अभियांत्रिकीची पदवी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. पहिल्या महायुद्धानंतरची मंदी चालू होती. पहिला वर्ग हातात असूनही नोकरी मिळेना.

त्याच वर्षी त्याने केंब्रिजची परीक्षा दिली. वर्षाला ७० पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, पण तेवढ्यात केंब्रिजला राहणे शक्य नव्हते आणि घरून उरलेला खर्च झेपणार नव्हता. तेव्हा ब्रिस्टलच्या विद्यापीठाने त्याला गणिताचा अभ्यासक्रम विनाशुल्क करू दिला. पहिल्या वर्षाची सूट मिळाली. घरी राहून त्याने दोन वर्षांत, १९२३ साली, गणितातही पहिला वर्ग मिळवला. मग सरकारची १४० पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो केंब्रिजला पोचला.

पुढचा इतिहास जगाला माहीत आहे. १९२६ साली डॉक्टरेट, १९२८ साली इलेक्ट्रॉनचे समीकरण, १९३३ साली नोबेल पारितोषिक. इलेक्ट्रॉनसारखाच, पण उलट विद्युतभाराचा कण असला पाहिजे, असे त्याने १९३१ साली कागदावरच्या गणितावरून सांगितले. १९३२ साली तो कण प्रयोगात सापडला. त्याचे नाव पॉझिट्रॉन. आपल्यापैकी कुणी कॅन्सरच्या उपचारासाठी नातेवाइकाला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेले असेल, तर ‘पेट स्कॅन’ हा शब्द कानावर आला असेल. त्या तपासणीत हाच पॉझिट्रॉन वापरला जातो.

इंजिनिअरिंगची तीन वर्षे वाया गेली, असे डिरॅकला कधी वाटले नाही. काटेकोर उत्तर मिळत नसेल तिथे अंदाजी उत्तर घेऊन पुढे कसे जावे, हे आपण इंजिनिअरिंगमध्ये शिकलो, असे तो उतारवयात सांगत असे.

यात पैशाची बाजू वाचकांनी विसरू नये. एवढा बुद्धिमान मुलगा, तरी १९२१ साली पैशांअभावी केंब्रिजच्या दारातून परत फिरला. बाबासाहेबांनाही बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी यावे लागले होते. १९२० साली ते परत गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. शिक्षण लांबले म्हणजे बुडाले असे नाही. मात्र ते पुन्हा जोडायचे तर पैशाची सोय आधी पाहावी लागते.

एका बापाची अट

होमी भाभा १९२७ साली मुंबईहून केंब्रिजला गेले ते यंत्र अभियांत्रिकी शिकायला. वडील आणि नातेवाईक असलेले दोराबजी टाटा यांची इच्छा अशी की मुलाने शिकून यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे. वर्षभरातच भाभांचे मन भौतिकशास्त्राकडे ओढले गेले. १९२८ साली त्यांनी वडिलांना पत्र लिहून आपले मन उघड केले.

वडिलांनी रागावून पैसे बंद केले नाहीत, आणि लगेच मानही तुकवली नाही. त्यांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणित शिकण्यासाठी केंब्रिजला राहण्याचा खर्च मी देईन. १९३० साली भाभांनी पहिला वर्ग मिळवला. वडिलांनी शब्द पाळला. पुढे भाभा गणिताच्या परीक्षेतही चमकले आणि १९३५ साली डॉक्टरेट झाले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. देशाच्या अणुशक्ती कार्यक्रमाचा पाया त्यांनीच घातला.

भाभांचे घर श्रीमंत होते. एका चुकीने त्या घरची चूल विझणार नव्हती. आपल्या घरांची गोष्ट तशी नाही. तरीही त्या बापाची अट आपल्या घरांनाही लागू पडते, किंबहुना आपल्या घरांना ती जास्त लागू पडते. हातातली पदवी पूर्ण करा आणि चांगल्या गुणांनी करा. मग पुढचे बोलू. तिसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग अर्धवट सोडणारा मुलगा दोन्हीकडून अडकू शकतो. पदवी हातात असलेल्या मुलाला फिजिक्स जमले नाही तरी पोटापाण्याचे साधन उरते.

नोकरी करून परत फिरलेले

नोकरी लागल्यावर वाट बंद होते, असेही नाही. युजीन विग्नर हंगेरीतला. वडील कातडी कमावण्याच्या कारखान्यात व्यवस्थापक होते. मुलाने उपयोगाची विद्या शिकावी, अशी त्यांची इच्छा. म्हणून विग्नर बर्लिनला रासायनिक अभियांत्रिकी शिकला, १९२५ साली डॉक्टरेट झाला आणि त्याच कारखान्यात कामाला लागला. पण बर्लिनमध्ये असताना तो भौतिकशास्त्राच्या चर्चांना जाऊन बसत असे. १९२६ साली बर्लिनहून साहाय्यकाच्या कामाचे बोलावणे आले आणि तो परत गेला. १९६३ साली त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

अमेरिकेतला जॉन बार्डीन विस्कॉन्सिन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकला. १९२८ साली पदवी आणि १९२९ साली पदव्युत्तर पदवी घेतली. १९३० पासून तीन वर्षे त्याने एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. जमिनीखाली तेल कुठे असेल, हे मोजमापांवरून ताडण्याचे काम होते. १९३३ साली ती नोकरी सोडून तो प्रिन्स्टन विद्यापीठात शिकायला गेला. तिथे त्याचे मार्गदर्शक होते हेच विग्नर! एका इंजिनिअरने दुसऱ्या इंजिनिअरला भौतिकशास्त्रज्ञ केले. १९४७ साली बार्डीनने वॉल्टर ब्रॅटन यांच्याबरोबर पहिला ट्रान्झिस्टर करून दाखवला. आज आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये असे ट्रान्झिस्टर अब्जावधींनी असतात. बार्डीनला १९५६ आणि १९७२ असे दोनदा भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या विषयात दोनदा नोबेल मिळवणारा आजवर तो एकटाच आहे.

नापास झालेला विद्यार्थी आणि हिंगोलीची वेधशाळा

आता जरा अलीकडचे उदाहरण. रायनर वाइस १९३२ साली बर्लिनमध्ये जन्मले. नाझींच्या छळामुळे कुटुंबाला देश सोडून अमेरिकेत जावे लागले. शाळकरी वयात ते रेडिओ आणि ध्वनियंत्रे दुरुस्त करीत. गाण्याच्या तबकडीची खरखर कशी घालवावी, हे शिकण्यासाठी ते एम.आय.टी. या संस्थेत विद्युत अभियांत्रिकीला गेले. तिथून भौतिकशास्त्राकडे वळले. पण अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले आणि ते नापास होऊन बाहेर पडले. मग त्याच संस्थेतल्या एका भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ म्हणून लागले. हाताने यंत्रे जोडता जोडता पुन्हा अभ्यासाला बसले. १९५५ साली पदवी आणि १९६२ साली डॉक्टरेट मिळवली.

अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजण्याचे ‘लायगो’ हे यंत्र ज्यांच्या कल्पनेतून आणि कष्टातून उभे राहिले, त्यांत वाइस यांचे नाव पहिल्या ओळीत येते. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी नळ्यांतून लेसरचा किरण धावतो. लहर येते तेव्हा त्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असतो. एवढा बारीक फरक टिपायचा तर सगळी खरखर आधी काढावी लागते. तबकडीची खरखर काढायला निघालेला मुलगा शेवटी हेच काम करीत होता! १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली गेली आणि २०१७ साली वाइस यांना नोबेल मिळाले. २०२५ साली त्यांचे निधन झाले.

अशीच वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारली जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. नारायणगावजवळ खोडद येथे तर ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण कित्येक वर्षे काम करीत आहे. अशा ठिकाणी इंजिनिअर आणि भौतिकशास्त्रज्ञ एकमेकांवाचून अडतात. दोन्ही भाषा समजणारा माणूस तिथे फार मोलाचा असतो.

जवळ काय आहे, कमी काय पडते?

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी रिकाम्या हाताने येत नाही. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला विद्युतचुंबकत्व आणि अर्धवाहक ठाऊक असतात. यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याचा गतिशास्त्र, उष्मागतिकी आणि कंपने यांचा अभ्यास झालेला असतो. संगणकवाल्याला प्रोग्रॅम लिहिता येतो आणि आजच्या संशोधनात त्यावाचून पान हलत नाही.

कमी पडतात त्या मुख्यतः दोन गोष्टी : पुंजयामिकी म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, आणि सांख्यिकीय यामिकी म्हणजे स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. बी.एस्सी., एम.एस्सी.ची मुले हे विषय दोन-तीन वर्षे घोटतात. इंजिनिअरिंगमध्ये त्यांची तोंडओळख झाली तर झाली. गणितही थोडे वेगळे आणि जास्त लागते.

म्हणून मुलामुलींना आमचे सांगणे असे. घरी विषय काढण्यापूर्वी स्वतःची परीक्षा घ्या. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाचे क्वांटम मेकॅनिक्सचे पुस्तक ग्रंथालयातून आणा. सहा महिने, रोज दीड-दोन तास, प्रकरणाखालची उदाहरणे स्वतः सोडवा. विश्वाची गूढ रहस्ये सांगणारे व्हिडिओ सर्वांनाच आवडतात. त्यावरून या विषयाची आवड ठरवू नका. पानभर गणित चुकल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करण्याचा कंटाळा येत नसेल, तर तुमची आवड खरी आहे. आणि फक्त इंजिनिअरिंगचा कंटाळा आला म्हणून पळ काढत असाल, तर तेही या सहा महिन्यांत कळून येईल.

दारे कोणती?

बी.ई., बी.टेक.च्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्रात जाण्यासाठी काही परीक्षा आहेत. ‘गेट’ परीक्षेत भौतिकशास्त्राचा वेगळा पेपर असतो आणि तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून देता येतो. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना या परीक्षेचे शुल्क निम्मे असते. ‘जेस्ट’ ही अनेक संशोधन संस्थांची मिळून होणारी परीक्षा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था स्वतःची परीक्षा घेते. पुण्याची ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्थाही इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना पीएच.डी.साठी घेते. आयआयटींमधील एम.एस्सी.साठी ‘जॅम’ परीक्षा असते, मात्र पदवीला कोणते विषय हवेत, याची प्रत्येक संस्थेची अट वेगळी असते. माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. पुढे महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे असेल, तर संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. बी.ई.नंतर थेट पीएच.डी. करताना वाटेत एम.एस्सी. पदवी मिळते की नाही, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

पैशाचा हिशेब

भौतिकशास्त्रातले संशोधन म्हणजे वर्षानुवर्षे घरून पैसे आणणे, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना वयात पाच वर्षांची सवलत आहे. बी.ई. झालेल्यांनाही ही परीक्षा देता येते, पण अधिछात्रवृत्ती पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावरच सुरू होते. याशिवाय अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या ‘बार्टी’ची संशोधन अधिछात्रवृत्ती आहे आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

खरी अडचण मधल्या दोन-तीन वर्षांची असते. परीक्षेच्या तयारीचे वर्ष आणि एम.एस्सी.ची दोन वर्षे. या काळात घरात पगार येत नाही, आणि शैक्षणिक कर्ज असेल तर बहुतेक बँकांत अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरात हप्ते सुरू होतात. पुढे शिकताना हप्ते लांबवून मिळतील का, हे बँकेत जाऊन लेखी विचारावे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमाप्रमाणे एक टप्पा पूर्ण झाल्यावर त्याच टप्प्याचे शिक्षण दुसऱ्या विषयात पुन्हा घेणाऱ्याला ती मिळत नाही. म्हणजे बी.ई.नंतर परत बी.एस्सी.ला बसू नये. एम.एस्सी. हा वरचा टप्पा आहे, तरीही आपल्या प्रकरणाची खातरजमा समाज कल्याण कार्यालयात करून घ्यावी. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेचा अर्ज करावा.

कागदपत्रांची हयगय नको. १९९० सालच्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या संस्थांना त्यांच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा दाखला घेऊन ऐन वेळी धावपळ होते. जात वैधता प्रमाणपत्र आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला, दोन्ही आधीच काढून ठेवा.

घरात बसून ठरवा

शेवटी हा निर्णय एकट्या मुलाचा नाही आणि एकट्या बापाचाही नाही. एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. मुलीने कागदावर मांडावे : किती वर्षे लागतील, कोणत्या परीक्षा, कोणती शिष्यवृत्ती, आणि दोन प्रयत्नांत जमले नाही तर कोणती नोकरी धरणार. आईवडिलांनीही खरे सांगावे : घरावर कर्ज किती, धाकट्याची फी किती, आपण किती वर्षे थांबू शकतो. दोन वर्षे थांबणे शक्य असेल तर थांबावे. शक्य नसेल तर मुलीने बार्डीनप्रमाणे आधी नोकरी करावी, कर्ज फेडावे, संध्याकाळी अभ्यास चालू ठेवावा आणि मग परत फिरावे. त्यात कमीपणा काही नाही.

मुलीच्या बाबतीत एक जास्तीचा अडथळा येतो. “आता किती शिकणार, लग्नाचे वय चालले” हे वाक्य मुलाला कुणी ऐकवत नाही. मुलाला जेवढी वर्षे देता, तेवढीच मुलीला द्या.

आपल्या घरांतून इंजिनिअर निघाले, ही मोठीच कमाई आहे. आता त्यांतलाच एखादा, एखादी, प्रयोगशाळेचे दार ठोठावू पाहत असेल तर निदान तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन तिच्याबरोबर हिशेबाला बसा.